तारीख जगाची, मान गावचा

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याच्या आमच्या घरी ओसरीवरच्या खुंटीला कालनिर्णय टांगलेले असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले हे कॅलेंडर बहुतेक मराठी घरांत असते आणि दुधाचे खाडेही बहुतेकांच्या कॅलेंडरवर असतात. आमच्याकडे त्याशिवाय आईची पेन्सिल चालते. चौकटीच्या कडेला बारीक अक्षरात ती लिहून ठेवते : ‘कालो’, ‘पुनव’, ‘शिवोली जागर’, ‘मिलाग्रिस – तेल’, ‘खाजें आणप’. नवे कॅलेंडर आले की जुने लगेच रद्दीत जात नाही. आधी त्यातले पेन्सिलीचे सगळे नव्यावर उतरते. तिथी बदललेली असते म्हणून चौकट बदलते, नोंद तीच राहते.

माझ्या खिशातल्या मोबाइलवर दुसरेच कॅलेंडर चालू असते. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर निरोप येतो : आज जागतिक नारळ दिन, आज कासव दिन, आज चाच्यांसारखे बोलण्याचा दिन. शनिवार-रविवार आला की या दिनांना जास्तच भरती येते. अशी दोन कॅलेंडरे हाताशी असताना मला वाटले, वर्षभर दोन्ही घेऊन फिरावे. पेडणे, डिचोली आणि नदीपलीकडच्या गावांतून जे जे आगळेवेगळे सण-दिवस होतात, ते उभे राहून पाहावेत. काही नेमके शनिवार-रविवारी येतात, काही रात्री दोन वाजता, काही चिखलात, काही विहिरीत. त्या फिरण्याचा हा वृत्तान्त.

दिन कसे जन्मतात

आधी मोबाइलवरच्या दिनांविषयी, कारण त्यांच्याही कहाण्या गोड आहेत. चाच्यांसारखे बोलण्याचा दिवस १९ सप्टेंबरला असतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जॉन बॉर आणि मार्क समर्स या दोन मित्रांनी १९९५ साली खेळता खेळता तो काढला. काही वर्षे तो त्यांच्या गोतावळ्यातच राहिला. २००२ साली डेव्ह बॅरी या विनोदी लेखकाने आपल्या सदरात त्याच्यावर लिहिले आणि तो जगभर गेला. १४ मार्चचा ‘पाय’ दिन १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केला. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून ३.१४. २ सप्टेंबरच्या नारळ दिनामागे १९६९ साली त्या तारखेला स्थापन झालेली नारळ पिकवणाऱ्या देशांची संघटना आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटला तो २ फेब्रुवारीचा ग्राउंडहॉग डे. अमेरिकेतल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून एका बिळातल्या प्राण्याला बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, असे मानतात. आता गंमत पाहा. त्या प्राण्याला उचलायचे कोणी, त्याचे म्हणणे जाहीर करायचे कोणी, हे तिथे ठरलेले आहे. उंच काळ्या टोप्या घातलेले ‘इनर सर्कल’ नावाचे एक मंडळ आहे, तेच हे सगळे करते. हे वाचले तेव्हा मी मनात म्हटले, अरे, हे तर मानकरी! आणि या वर्षभराच्या फिरण्याचा धागा मला तिथे सापडला.

मान म्हणजे काम

पेडणे आणि डिचोलीत सणावाराची गोष्ट ‘मान’ या शब्दावाचून सांगताच येत नाही. आमच्याकडे गावऱ्हाटी, म्हणजे गावाची देवकार्याची रीत, मानकरी घराण्यांवर चालते. तरंग, म्हणजे देवाचा सजवलेला खांब, कोणी उचलायचे, ढोल कोणी वाजवायचा, होळीचे झाड कोणी तोडायचे, पहिला नारळ कोणी ठेवायचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, हे सगळे घराण्यांत वाटलेले. शहरात ‘मान’ म्हटले की शाल-श्रीफळ डोळ्यांपुढे येते. आमच्या गावात मान म्हणजे आधी काम. ढोलाचा मान असलेल्या घरातला माणूस मुंबईला नोकरीला असला तरी त्या दिवशी गाडी पकडून येतो. का, म्हणून विचारले तर उत्तर दोन शब्दांत मिळते : ‘मान आसा.’

हे टिकले कसे, याला इतिहासाचेही कारण आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे जुन्या काबिजादीतले तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. तिथे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली जाहीरनामा काढून लग्नातल्या आणि सणातल्या कितीतरी स्थानिक चालींवर बंदी घातली. पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली पोर्तुगिजांकडे आले. डिचोलीही त्याच सुमाराची. नव्या काबिजादीत देवळे जागच्या जागी राहिली आणि देवळांबरोबर मानही राहिले.

पेडण्याची पुनव पाहिली की हे लख्ख दिसते. कोजागरीची रात्र. पेडण्याच्या बाजारात भगवतीचे देऊळ, दारात दोन बाजूंना काळ्या दगडाचे दोन मोठे हत्ती. महाराष्ट्र त्या रात्री आटीव दुधात चंद्र पाहत असतो. पेडण्यात रवळनाथ आणि भूतनाथ या देवांची तरंगे, लुगडी नेसवलेली, ढोलांच्या तालावर निघतात. भूतनाथाची कथा आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असते. त्याला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे होते. कोंबडा आरवला आणि काम अर्धेच राहिले. म्हणून तो दरवर्षी रुसतो, रानाकडे धाव घेतो आणि लोक त्याची समजूत काढून त्याला परत आणतात. रुसलेल्या देवाची समजूत घालायला अख्खा तालुका रात्रभर जागा! लहानपणी मला यात फक्त भीती दिसे. आता त्यातली माया दिसते. घरातल्या रुसलेल्या वडीलधाऱ्याला जेवायला बोलावतात, तसेच आहे ते.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार

गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मांद्र्याची किनारपट्टी, जुनसवाडा ते आश्वे, एकदम शांत होते. झोपड्या उतरवलेल्या, पर्यटक पांगलेले. बाहेरच्याला वाटते गाव झोपला. खरे तर आमचे सर्वांत खट्याळ सण याच दिवसांत येतात.

२४ जूनला सांव जांव. बायबलमधली कथा अशी की मेरी एलिझाबेथला भेटायला गेली, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या जॉनने आनंदाने उडी मारली. त्या उडीची आठवण म्हणून गोव्याचे ख्रिस्ती लोक विहिरींत, तळ्यांत, ओढ्यांत उड्या मारतात. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, त्याला म्हणतात कोपेल. शापोरा नदी ओलांडून शिवोलीला गेलो तर नदीच्या धक्क्यावर गर्दी होती आणि सजवलेल्या होड्या एकामागून एक येत होत्या. या होड्यांची चाल एकोणिसाव्या शतकापासूनची. घुमट आणि कांसाळे वाजत होते. एक म्हातारी पायरीवर बसून नातवासाठी कोपेल बांधत होती. रानवेलीचा एक वळसा डोक्याच्या मापाने घ्यायचा, उरलेला वेल त्याच्यावर पिळून घट्ट करायचा, मग मधल्या फटींत तेरड्याची आणि मिळतील ती रानफुले खोचायची. सुतळी नाही, तार नाही. पाण्यात उडी मारल्यावर मुकुट सुटता कामा नये, ही त्या हातांची परीक्षा. नवा जावई असलेल्या घरी तर ही दिवाळीच. फळांची भेट घेऊन मंडळी त्याच्या दारी येतात आणि तो त्यांची उठबस करतो. आपल्याकडच्या धोंड्याच्या महिन्यातल्या जावयाची सासरवाडी आठवावी, इतके ओळखीचे सगळे.

मग आषाढी. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात एकादशीला अखंड भजन होते आणि द्वादशीला देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला. अंगाला तेल चोपडून लहानथोर चिखलात उतरतात. विठ्ठलाचा गजर, चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, एकमेकांना ओढणे, लोळणे. कृष्णाने सवंगड्यांबरोबर केलेले खेळ म्हणून हे सगळे. या देवकीकृष्णाचे मूळ स्थान चोडणला. पोर्तुगीज अमलात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा देव आधी मयेला आणि तिथून माशेलला आला. देव घेऊन पळताना माणसांनी बरोबर आणखी काय काय घेतले असेल ठाऊक नाही, पण चिखलात खेळायची हौस नक्की घेतली. आता पर्यटन खात्यामार्फत हा राज्यपातळीवरचा महोत्सव झाला आहे. तरी चिखलात पहिल्यांदा उतरतात ते रात्रभर भजनाला बसलेले लोकच, हे मी जवळून पाहिले.

जुलैअखेरच्या रविवारी तळावलीच्या सांतानच्या चर्चमध्ये तवशांचे फेस्त. तवसे म्हणजे पावसाळी काकडी. सेंट ॲन ही मेरीची आई, उतारवयात मूल झालेली. म्हणून मूल हवे असलेली जोडपी तिला तवसे वाहतात. यातली खरी मौज भाषेची आहे. लग्न ठरत नसलेला मुलगा चमचा वाहतो, कारण पोर्तुगीजमध्ये चमच्याला ‘कुल्येर’ आणि बायकोला ‘मुल्येर’. मुलगी उडीद वाहते, कारण नवऱ्याला ‘मारीदु’. दोन भाषांचे यमक जुळवून देवाकडे मागणे मागणारी ही माणसे! यमकावर इतका विश्वास कवींचाही नसेल.

१५ ऑगस्टची एक चौकट आईच्या कॅलेंडरात सर्वांत दाटीची. स्वातंत्र्यदिन आहेच. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, फेस्त, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या. आमच्याकडे त्या नागपंचमीला होतात, म्हणजे महिन्याभरात दोनदा पातोळ्या मिळतात, एकदा आपल्या आणि एकदा शेजारच्या. आणि पेडणेकरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १९५४ साली याच दिवशी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढे त्यांना अटक झाली. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला, पण पेडणे तालुक्याने सात वर्षे आधी झेंडा पाहून घेतला होता.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा. दोन वाड्यांत हद्दीवरून भांडणे होत. पोर्तुगिजांनी हद्द दाखवायला निशाणे रोवली. लोकांनी ती निशाणेच पाडायला सुरुवात केली. त्या भांडणाची नक्कल म्हणजे आजचा बोंदेरा, ‘बांदेरा’ म्हणजे झेंडा यावरून आलेला शब्द. पोरांच्या हातात फोटाश असते. बोटभर जाडीची बांबूची नळी, तिच्यात नेमका बसणारा दट्ट्या. हिरवे तेफळ एका टोकाने ठासायचे, दुसरे मागून ढकलायचे, मधली हवा कोंडली की पहिले फट्टकन उडते. माशाच्या कढीत घालायचे तेफळ इथे दारूगोळा होते. कधीकाळी डोकी फुटली असतील अशा भांडणातून गावाने खेळणे तयार केले. आजच्या हद्दींच्या भांडणांकडे पाहताना हे मला फार मोठे वाटते.

कालो आणि खाजे

तुळशीचे लग्न झाले की मांद्र्याच्या सप्तेश्वर-भगवतीपासून हरमल, पालये, केरीपर्यंत जत्रांची रांग लागते आणि आईच्या कॅलेंडरात ‘कालो’ हा शब्द दर चार दिवसांनी येतो. दहिकाला म्हणजे आमचा दशावतार. सिंधुदुर्गातली वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर ही मंडळांची नावे आमच्याकडे घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. मंडळ गावात आले की ‘पेटारा आला’ म्हणतात. सगळा रंग, मुकुट, शस्त्रे त्या पेटाऱ्यात. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग वेद चोरणारा काळा संकासूर, मग रात्रभर आख्यान, आणि पहाटे दहीहंडी. लिहिलेली संहिता नसते. दुपारपर्यंत शेतात किंवा रिक्षावर असलेला माणूस रात्री राजा होतो आणि तोंडातून सरळ संस्कृतप्रचुर मराठी वाहू लागते.

२०२५ च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला. सुबोध खानोलकरांचे दिग्दर्शन आणि दिलीप प्रभावळकरांचा म्हातारा दशावतारी कलावंत. पेडण्याची मंडळी कुटुंबकबिल्यासह थिएटरात गेली. पडद्यावर पेटारा दिसला की आपल्या घरचे कोणी टीव्हीवर दिसल्यासारखे वाटे. त्यानंतरच्या जत्रांत मला नवी पोरे दिसली. मुंबई-पुण्याची, कॅमेरा घेतलेली, पण नमनापासून पहाटेपर्यंत बसलेली. सिनेमाने माणसे देवळाच्या आवारात आणून बसवली, याचा मला मनापासून आनंद आहे.

जत्रेतून घरी जाताना खाजे घ्यायचे. बेसनाच्या बोटभर लांब काड्या तळून, गुळाच्या पाकात आले आणि तीळ घालून घोळवलेल्या. पाक नेमका केव्हा उतरवायचा हे खाजेकाराच्या मनगटात असते. दोन क्षण उशीर झाला तर खडा, लवकर उतरवला तर चिकट. या खाज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आमच्या हरमलच्या मिरचीलाही त्याच साली. कागदी पुडीतून आल्याचा वास येऊ लागला की थंडी आली, असे मी आजही समजतो.

रात्रीचे दिवस

नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी शिवोलीचा जागर. गावचा राखणदार जागऱ्यो आणि त्याच्यापुढे हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घराण्यांची सोंगे. रेमो फर्नांडिस याच गावचा. त्याच्या पॉप गाण्यांत अख्ख्या भारताने गोवा ऐकला. जागरात बसले की त्या गाण्यांतले घुमट कुठून आले ते कळते.

होळीनंतर डिचोली तालुक्यातल्या साळ गावात गडे. व्रत घेतलेले पुरुष ढोलाच्या नादावर रात्री रानाकडे धावतात. डोंगरात ज्योती दिसतात, देवचार, म्हणजे रानातला राखणदार, काही गड्यांना लपवतो आणि नंतर परत देतो, अशी श्रद्धा. हजारो माणसे अंधारात श्वास धरून उभी असतात. मी विज्ञान शिकलेला माणूस, पण गेलेला गडी परत आला तेव्हा त्याच्या घरच्यांबरोबर माझाही जीव भांड्यात पडला.

वैशाखात शिरगावची लईराई. धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त. रंगीत गोंड्यांची बेतकाठी हातात, गळ्यात मोगऱ्याच्या माळा. पहाटे निखाऱ्यांवरून चालतात. लईराईच्या बहिणी गावोगाव. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, आमच्या शेजारची मोरजाई. आणि धाकटी? ती म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, चर्चमधली. त्याच सुमारास एका सोमवारी तिचे फेस्त असते आणि हिंदू बाया तिला तेल घालायला रांगेत उभ्या असतात. आईच्या ‘मिलाग्रिस – तेल’ या नोंदीचा हा उलगडा. धर्म बदलला म्हणून माहेर तुटत नाही, हे आमच्याकडे देवांनीच ठरवून टाकले आहे.

पाहणारे आणि करणारे

आता जे मनाला लागले तेही सांगतो. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला चेंगराचेंगरी झाली, भाविकांचे प्राण गेले. सण वाढला की गर्दी वाढते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडणे जगाच्या दारात आले आहे. स्पेनच्या बुन्योल गावात १९४५ पासून टोमॅटोफेक चालते. तिथेही गर्दी आवरेनाशी झाली, तेव्हा २०१३ पासून तिकीट लावून संख्या वीस हजारांवर आणली. जगातल्या एका गावाने हे केले, तर वाटा, वेळा आणि माणसे मोजण्याचे शिस्तीचे काम आमच्या गावांनाही करता येईल. देवस्थान, पंचायत आणि पोलीस एकत्र बसले पाहिजेत.

दुसरी काळजी आकड्यांत न मावणारी. पाहणारे वाढत आहेत आणि मानकऱ्यांच्या घरांतली पोरे बोटीवर, दुबईला, लिस्बनला जात आहेत. ढोल आहे, हात नाहीत, असे काही ठिकाणी ऐकले. त्याला उपायही गावच शोधत आहेत. मुलगा नाही तर पुतण्या, तो नाही तर शेजारचा. मान रिकामा ठेवायचा नाही. माझी पाहुण्यांना एकच विनंती आहे. जत्रेला जरूर या, पण आल्यावर एखादे काम मागून घ्या. चटई पसरा, पाणी वाटा, सकाळी आवार झाडा. ज्याच्या हाताला काम लागते तो परका राहत नाही.

सर्वांत नवा मान

जागतिक कासव दिन २३ मे रोजी असतो. अमेरिकेतल्या एका कासव बचाव संस्थेने २००० साली तो सुरू केला. तोवर आमच्याकडचा हंगाम आटोपत आलेला असतो. ऑलिव्ह रिडले कासविणी मोरजीच्या तेंबवाड्यावर, आश्वे-मांद्र्याच्या वाळूत थंडीच्या महिन्यांत रात्री येतात. शंभरेक अंडी घालून, वाळू सारखी करून निघून जातात. पूर्वी ती अंडी बाजारात जात. १९९० च्या दशकात मोरजीच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी वनखात्याबरोबर राखण सुरू केली. अंडी काढणारे हातच अंडी राखू लागले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे मी आश्वेच्या किनाऱ्यावर होतो. कुंपण घातलेल्या घरट्यावरची वाळू आधी किंचित खचली. मग एक काळे नाक वर आले, मग एक वल्ह्यासारखा पाय. बघता बघता वाळू हलू लागली. राखणीला असलेल्या माणसाने टॉर्च विझवला, कारण पिल्ले उजेडाकडे जातात आणि त्यांचा उजेड समुद्रावर हवा. आम्ही पाचसहा जण दोरीमागे उभे होतो. त्याने पिल्ले टोपल्यात घेतली आणि टोपले लाटेपासून थोडे अलीकडेच ठेवले. ‘चलूंक जाय तांकां’, तो हळूच म्हणाला. चालू दे त्यांना. तेवढे वाळूवरून चालले तरच ती पुढे इथली राहतात, असे तो मानतो. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. मी विचारले, उद्याही येणार? तो म्हणाला, ‘मरे, म्हजी पाळी आसा.’

पाळी! मानाचा पहिला अंकुर असाच फुटत असावा. आधी पाळी, मग सवय, मग दोन पिढ्यांनी कोणी विचारले की ‘मान आसा’.

दुपारी घरी येऊन मी खुंटीवरचे कॅलेंडर काढले. आईकडून पेन्सिल घेतली आणि त्या शनिवारच्या चौकटीत लिहिले : ‘कासवां – आश्वे’. आईने चष्मा लावून वाचले. म्हणाली, पुढल्या वर्षी तिथी बघून घाल, पुनवेच्या उजेडात येतात का अंवशेला, त्याला विचार. मग तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि माझ्या अक्षराखाली आपल्या बारीक अक्षरात जोडले : ‘राखणदाराक खाजें’.